कमावलेलं कातडं

शनिवार-रविवारी मी चामडं ठोकतो. ऑफिसात हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग "म्हणजे नक्की काय?" असं विचारतो, आणि मग मी बॅगेतून वही काढून दाखवतो. साधी ए-फाइव्ह आकाराची वही, तिला चामड्याचं कव्हर, कव्हरवर उठावाची नक्षी, गडद तपकिरी रंग. वही टेबलाभोवती फिरते. लोक अंगठा फिरवून बघतात, वास घेतात (सगळेच घेतात, न चुकता), आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "कोर्स केलास का कुठे?"

कोर्स वगैरे काही नाही. यूट्यूब. घोड्यांची खोगिरं करणारे दोन-तीन दाढीवाले अमेरिकन काका आहेत, त्यांचे व्हिडिओ बघत बघत शिकलो. आता तीन वर्षं होतील. दिवसभर स्क्रीनवर जे करतो ते हातात धरता येत नाही, म्हणून हातात धरता येईल असं काहीतरी करावं, एवढाच सुरुवातीचा विचार होता. आपल्यापैकी कोणी बागकाम करतं, कोणी सह्याद्रीत गड चढतं, तसं माझं हे.

पण याच्यामागे एक गोष्टही आहे. कृती आणि गोष्ट वेगवेगळी सांगून बघितली, जमत नाही. तेव्हा दोन्ही एकदमच सांगतो.

आधी चामडं. आपली पाकिटं, पट्टे, बूट यातलं बहुतेक चामडं क्रोमचं असतं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. मऊ, टिकाऊ, कारखान्यात झटपट होणारं. पण त्यावर नक्षी ठोकायला गेलात तर ते ठसा धरत नाही, थोड्या वेळाने जसंच्या तसं. नक्षीसाठी लागतं झाडांच्या सालीवर कमावलेलं चामडं. बाजारात त्याला 'व्हेज टॅन' म्हणतात. (हो, व्हेज चामडं. यावर होऊ शकणारे सगळे विनोद आमच्या टीमने करून झालेले आहेत.) बाभळीची साल, हिरडा यांच्यात टॅनिन असतं. ते कातड्यातल्या तंतूंना धरून बसतं, म्हणून कातडं कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने असंच कमावतात. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून.

मी चामडं आणतो धारावीतून. बदलापूर गावातून शेअर रिक्षाने स्टेशन, फास्ट लोकलने कुर्ला, तिथून स्लो पकडून सायन, आणि मग चालत काळ्या किल्ल्याच्या बाजूला. धारावीत एके काळी कातडी कमावण्याचे कारखाने होते. आता तिथे मुख्यतः बॅगा, पाकिटं शिवतात आणि कमावलेला माल बाहेरून येतो, बराचसा चेन्नईकडून. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या मालात मुख्य म्हैसच. म्हशीचं चामडं जाड आणि रवाळ असतं. बारीक नक्षीसाठी गाईचं किंवा वासराचं जास्त चांगलं, ते दक्षिणेतून आलेलं मिळतं. माप चौरस फुटात. एका ए-फाइव्ह कव्हरला साधारण ३२ बाय २३ सेंटिमीटरचा तुकडा लागतो, म्हणजे पाऊण चौरस फुटाहून थोडा जास्त, जाडी दीड ते दोन मिलिमीटर. पोटाकडचं चामडं ताणलं जातं, म्हणून पाठीचं घ्यायचं.

हे शेवटचं मला यूट्यूबने सांगितलं नव्हतं. ते तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितलं. त्यांनी पहिल्याच खेपेला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. कऱ्हाडच्या बाजूचं म्हटल्यावर चष्म्यावरून बघून हसले. "मग तुला काय दाखवायचं? तुझ्या घरातलंच काम आहे." आणि खालच्या गठ्ठ्यातून पाठीचा तुकडा काढून दिला.

तर ती गोष्ट ही.

माझे आजोबा, म्हणजे आबा, कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात मोटा आणि वहाणा करायचे. मोट माहीत नसेल त्यांच्यासाठी: विहिरीचं पाणी बैलांच्या जोरावर वर ओढायची चामड्याची भलीमोठी पिशवी. तिला खाली सोंड असते. मोट वर आली की सोंडेतून पाणी थारोळ्यात पडतं. ती शिवायची चामड्याच्याच वादीने. आबांना याचे पैसे फारसे मिळत नसत. मिळायचं ते बलुतं, सुगीला धान्य, तेही खळ्यावर बाजूला उभं राहून. मग गावात वीज आली, विहिरींवर पंप बसले, आणि काही वर्षांत मोट संपली. वहाणांच्या जागी रबरी चपला आल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, आयटीआय करून अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले. पुढे बदलापूर गावात घर घेतलं, कारण तेव्हा तेच परवडत होतं. रापी आणि आरी गावीच राहिली.

अण्णांचा एक नियम मला लहानपणापासून पाठ आहे. चप्पल तुटली तर घरात सुईदोरा काढायचा नाही. स्टेशनजवळच्या चर्मकाराकडे जायचं, आणि तो सांगेल तेवढे पैसे द्यायचे, घासाघीस करायची नाही. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी अण्णा तावातावाने भांडतात. त्या एकाच माणसाशी नाही. मोठा होईपर्यंत मला यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आता भिजवणं. नक्षीकामाचा निम्मा जीव यात आहे.

कोरडं चामडं ठसा घेत नाही आणि चिंब चामडं ठसा ठेवत नाही. मधली अवस्था पकडायची असते. स्पंजने दोन्ही बाजूंनी सारखं पाणी लावायचं. सुरुवातीला चामडं घटाघटा पितं, रंग एकदम गडद होतो. मग पिण्याचा वेग कमी होतो. तिथे थांबायचं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवायचं, म्हणजे पाणी आतपर्यंत सारखं पसरतं. सकाळी पिशवी उघडून मोकळ्या हवेत ठेवायचं आणि वाट बघायची. हळूहळू वरचा रंग परत फिका होत जातो. जवळजवळ मूळ रंगावर आला पण गालाला लावून बघितलं तर गार लागतंय, ती वेळ. नखाने दाबलं तर खूण राहते आणि पाणी वर येत नाही. दाढीवाले काका या सगळ्याला 'केसिंग' म्हणतात.

उन्हाळ्यात बदलापुरात ही वेळ पंधरा-वीस मिनिटांत निघून जाते, मग मध्येमध्ये पाण्याचा हलका हात फिरवावा लागतो. पावसाळ्यात उलट. उल्हास नदी घरापासून लांब नाही. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर प्रवासी बोटींनी काढावे लागले, ते आमच्याच भागातलं पाणी. अशा हवेत ओलं चामडं दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि पंख्याखाली ठेवलं नाही तर पांढरी बुरशी धरते.

मी हे बाल्कनीत करतो. अण्णा रिटायर झालेत, सकाळी तिथेच पेपर घेऊन बसतात. पहिलं वर्षभर त्यांनी माझ्या कामाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे मुद्दाम. खुर्ची थोडी वळवून बसायचे. एका रविवारी मी तुकडा पिशवीतून काढून ठेवला, जरा वेळाने हत्यार उचललं, तर पेपरच्या मागून आवाज आला, "अजून थांब."

मी गालाला लावून बघितलं. खरंच थोडं थांबायला हवं होतं. त्यांनी सहा फुटांवरून नुसत्या रंगावरून सांगितलं होतं. चाळीस वर्षं चामड्याला हात न लावलेला माणूस!

"तुम्हाला कसं कळलं?"

"आबा मोटेचं चामडं भिजवायचे तेव्हा राखण करायला मला बसवायचे. कुत्री नेतात ना." आणि परत पेपर.

त्यानंतर अण्णा बोलायला लागले, तुकड्यातुकड्याने. हात मात्र अजूनही लावत नाहीत. माझ्याकडे सगळ्या गोष्टींची इंग्रजी नावं होती, त्यांना हळूहळू घरची नावं मिळत गेली. चामडं कापायची रुंद पात्याची ती रापी. भोक पाडून दोरा ओढायची ती आरी. कडा लाकडाने चोळून चकचकीत करणं म्हणजे घोटणं. आणि सगळ्यात जुना शब्द, कमावणं. मराठीत कातडं कमावतात आणि पैसाही कमावतात, शरीर कमावतात, नाव कमावतात. एवढ्या मानाच्या शब्दात जे काम बसवलंय, ते करणाऱ्याला मात्र गावाबाहेर घर.

कमावण्यात काय काय येतं, हेही अण्णांनीच सांगितलं. मेलेल्या जनावराचं कातडं सोलायचं, मीठ चोळायचं, चुन्याच्या पाण्यात भिजत ठेवायचं, केस आणि आतलं मांस खरवडायचं. मग कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात साल-हिरड्याचं पाणी भरून टांगून ठेवायची, ते पाणी पुन्हापुन्हा ओतत राहायचं, दिवसचे दिवस. चर्मकारांच्या आधीचं हे काम ढोर समाजाकडे असायचं, म्हणजे उतरंडीत अजून एक पायरी. माझ्या बाल्कनीत येतो तो या सगळ्यानंतरचा स्वच्छ, गुळगुळीत, छान वासाचा तुकडा. वहीचा वास घेणाऱ्या ऑफिसातल्या मंडळींना आवडतो तो वास सालीचा आणि तेलाचा. त्याच्या आधीचा वास वेगळा असतो.

अण्णांचं वाक्य आहे, "तू हौस म्हणून करतोस, म्हणून तुझा हात धुतला की स्वच्छ होतो."

बरं, नक्षी. चामडं योग्य ओलाव्यावर आलं की पाठीमागे चिकटपट्टी लावायची, म्हणजे ठोकताना ते पसरत नाही. कागदावरचं चित्र वर ठेवून बोथट टोकाने गिरवायचं. मग फिरत्या पात्याच्या सुरीने रेषा कापायच्या, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा खोल नाही. आणि मग खरी मजा. उतरतं तोंड असलेला ठसा रेषेच्या एका बाजूला धरून लाकडी हातोड्याने ठोकत न्यायचा. एक बाजू खाली दबते, दुसरी आपोआप वर आल्यासारखी दिसते. खाली दगडी लादी हवी, म्हणजे ठोका वाया जात नाही. (खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी लादीखाली जुनी सतरंजी. रविवारी दुपारी दोन ते चार काम बंद, असा लेखी नसलेला करार आहे.)

माझी बरीचशी चित्रं अंबरनाथच्या शिवमंदिरावरून घेतलेली आहेत. आमच्यापासून एक स्टेशन अलीकडे. शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलालेख तिथे आहे. शिलाहारांच्या काळातलं काम, काळा बसाल्ट. पावसाळ्यात दगड ओला असताना जावं, उठाव जास्त दिसतो. मी तिथलं कीर्तिमुख काढलंय, आणि शिखरावर वरपर्यंत चढत गेलेल्या पट्ट्यांमधली जाळीसारखी नक्षी. दगड कोरणारा नको तो भाग काढून टाकतो. चामड्यात काहीच काढायचं नसतं, फक्त दाबायचं. जेवढं खाली दाबाल तेवढं शेजारचं वर दिसतं. हे लिहिताना माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी येतंय, ते तुमच्याही आलं असेल. असो.

एक पथ्य. ओल्या चामड्याजवळ साधं लोखंड नको. पितळी किंवा स्टेनलेसची हत्यारं वापरायची, बोअरिंगचं लोहयुक्त पाणीसुद्धा टाळायचं. कारण टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळं होतं, आणि तो डाग जात नाही.

पण हाच डाग मुद्दाम पाडला की तो रंग होतो! बाजारातले स्पिरिटचे रंग मी वापरतोच. लोकरीच्या फडक्याने गोल गोल हात फिरवत, एकदम गडद न लावता पातळ करून तीन-चार हात. कापलेल्या रेषा जास्त रंग पितात, त्यामुळे नक्षी आपोआप उठून दिसते. शेवटी कोरड्या फडक्याने इतकं पुसायचं की फडकं स्वच्छ निघालं पाहिजे, नाहीतर वहीचा रंग शर्टाला. एक दिवस वाळू द्यायचं, मग तेलाचा अगदी हलका हात आणि मेण. काही न लावलेलं चामडंसुद्धा चार दिवस उन्हात ठेवलं, पापड वाळत घालतो तसं, तर मधासारखं होतं.

काळा रंग मात्र मी घरी करतो. गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये आठ-पंधरा दिवस ठेवायचे, झाकण घट्ट न लावता, कारण आत वायू तयार होतो. मग ते पाणी गाळून चामड्यावर लावायचं. पाणी असतं फिकट मातकट, आणि डोळ्यांसमोर चामडं राखाडी, मग जांभळट, मग काळंभोर होत जातं. वरून खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी, आम्ल मारायला. हा रंग थर म्हणून बसत नाही, चामड्यातल्या टॅनिनशी मिळून तिथेच तयार होतो, त्यामुळे पुसून जात नाही.

पहिल्यांदा केला तेव्हा मला वाटलं अमेरिकन काकांची जादू. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "हिरडा आणि हिराकस. शाई अशीच करायचे." हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. युरोपात हेच लोक ओकच्या झाडावरच्या गाठींपासून करायचे, त्याने शतकानुशतकं दस्तऐवज लिहिले गेले. कलमकारीच्या कापडावरचा काळाही हाच: हिरड्यात बुडवलेलं कापड आणि गूळ घालून आंबवलेलं लोखंडाचं पाणी. म्हणजे वहीच्या आतली शाई आणि बाहेरच्या कातड्याचा रंग, रसायन एकच. लिहिणारे वेगळे आणि कमावणारे वेगळे ठेवले होते, एवढंच.

आता ऑफिस.

आमची स्टँडअप मीटिंग सकाळी साडेदहाला असते. मागच्या वर्षी एकदा कोणीतरी एका बगबद्दल फाटे फोडायला लागलं, तेव्हा वरिष्ठांपैकी एक जण म्हणाले, "चला, चांभारचौकशा नकोत, पुढे." सगळे हसले, पुढचा विषय आला. माझ्या डेस्कवर माझी वही होती, दोनच दिवसांपूर्वी याच गृहस्थांनी "काय क्लासी काम आहे रे!" म्हणून फोटो काढून घेतलेली. दुपारी चहाला मी त्यांना सांगितलं की तो शब्द मला लागतो, आणि का लागतो. ते खरोखर गोंधळले. "अरे, त्यात जात आहे हे कधी डोक्यातच आलं नाही!" माझा विश्वास आहे त्यांच्यावर. शब्द उघडउघड आहे, पण पिढ्यान्पिढ्या घोटून घोटून इतका गुळगुळीत झालाय की बोटाला काही टोचत नाही. ज्याच्यावरून तो बेतलाय, त्यालाच टोचतो. त्यांनी तो शब्द परत वापरलेला मी ऐकलेला नाही.

तेच चामडं, तोच हातोडा. माझ्या हातात असला की 'लेदर क्राफ्ट', बदलापूर स्टेशनबाहेर बसलेल्या माणसाच्या हातात असला की जात. त्यांच्यासाठी सरकारी शब्द आहे 'गटई कामगार', आणि त्यांना पत्र्याचा स्टॉल द्यायची सरकारी योजनाही आहे. दोन सुयांनी शिवायची पद्धत मी व्हिडिओत बघितली होती, आरीने शिवणं त्यांच्याकडे बसून शिकलो. ते माझ्यापेक्षा चौपट वेगाने आणि सरळ शिवतात. तळवा शिवायचे त्यांना तीस रुपये मिळतात. माझ्या कव्हरला लोक अठराशे द्यायला तयार असतात.

हे आजचं नाही. शांतिनिकेतनी पर्स आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या आईकडे असेल. ओल्या चामड्यावर ठसे आणि मग रंग, जवळजवळ मी करतो तेच. रथींद्रनाथ आणि प्रतिमादेवी टागोरांनी ते श्रीनिकेतनमध्ये रुजवलं आणि ती कला झाली. आपल्याकडे वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी १९३० च्या दशकात चर्मालय चालवलं, कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेली जनावरं सोलण्याचं काम स्वतःच्या हाताने केलं. या दोघांनी स्वच्छ तुकड्यापासून सुरुवात केली नाही, घाणीच्या टोकापासून केली, म्हणून मला त्यांचं जास्त वाटतं. पण त्यांनी केली ती सेवा. आबा तेच काम करत, त्याला कोणी सेवा म्हटलं नाही. आणि बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली जनावरं ओढणं सोडा असं सांगितलं, ते यासाठीच की ज्यांच्यावर काम लादलंय त्यांना ते सोडता आलं पाहिजे. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, नाव न घेता. आपल्याकडे ओरड झाली, मग कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर "आपली परंपरा जपली पाहिजे" असे बरेच मेसेज आले. मी अण्णांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "जपा की. आम्ही कुठे नको म्हणतो? पोरं पाठवा शिकायला."

मला अण्णांनी काम सोडलं याचं वाईट वाटत नाही. ते सोडलं म्हणून मी इंजिनिअर झालो, आणि इंजिनिअर झालो म्हणून मला हौस परवडते. "घरातली कला घरातून गेली" असं हळहळून म्हणणारे लोक भेटतात, त्यांना मला सांगावंसं वाटतं की ती गेली नाही, आम्ही ती दाराबाहेर ठेवून आत आलो. आता मी ती उचलून परत आत आणतोय, तर कोणत्या अटींवर, एवढाच प्रश्न आहे.

अटी अण्णांनी घातल्या. मागच्या दिवाळीत ऑफिसातल्या नऊ जणांनी "मला पण एक कर ना!" म्हणून सांगितलं. प्रेमाने, हक्काने. मी यादी करत बसलो होतो, अण्णांनी विचारलं, "किती घेणार?" म्हटलं, मित्र आहेत, भेट म्हणून देईन. अण्णांनी पेपर खाली ठेवला.

"भेट एकाला दे, दोघांना दे. नऊ जणांना फुकट दिलं की ते बलुतं होतं. आबांनी जन्मभर फुकट दिलं. पायली-दोन पायली घेऊन. लोक म्हणायचे फार गुणी माणूस. गुणी म्हटलं की पैसे द्यावे लागत नाहीत."

मग त्यांनी मला बसवून हिशेब करायला लावला. आपण दर शुक्रवारी टाइमशीट भरतो, तसाच. चामडं बघून कापणं एक तास. भिजवणं आणि राखण, हाताचं काम अर्धा तास. चित्र आणि रेषा दीड तास. ठोकणं साडेतीन तास. रंग, तेल, मेण मिळून दीड तास. शिवण आणि कडा घोटणं दोन तास. एकूण दहा. वर चामडं, दोरा, रंग. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सवाल्यांमुळे जाड दोरा, पितळी रिव्हेट स्वस्त मिळतात, म्हणून तो खर्च कमी. "आता तासाचे किती लावतोस?" त्यांनी विचारलं. मी एक आकडा सांगितला. अण्णा कारखान्यात ओव्हरटाइमचे हिशेब करायचे, त्यांनी तो आकडा दुप्पट केला. अठराशे हा भाव तिथून आला. अजूनही माझ्या नोकरीच्या तासाच्या बराच खाली आहे, पण तो भाव मी ठरवलेला आहे. नऊपैकी सहा जणांनी घेतलं. तिघं म्हणाले ऑनलाइन चारशेला मिळतं. मिळतंच.

नावाचंही तेव्हाच ठरलं. कव्हरच्या आतल्या बाजूला खाली कोपऱ्यात कारागिराची खूण ठोकायची पद्धत असते. मी आतापर्यंत नुसती आद्याक्षरं ठोकत होतो. आता पूर्ण आडनावाचा पितळी ठसा करून घेतला, देवनागरीत. ठशात अक्षरं उलटी कोरावी लागतात, कोरणाऱ्याने दोनदा वाचून घेतलं. आमचं आडनाव असं आहे की आमच्या भागातला माणूस वाचल्यावर ओळखतो. अण्णा तीस वर्षं नव्या ओळखीत ते पुटपुटत सांगायचे. त्यांना विचारलं, ठोकू का? म्हणाले, "ठोक. पण खोल ठोक. अर्धवट उमटलेलं बरं दिसत नाही."

कोणाला कव्हर हवं असेल तर वहीचं माप आणि रंग सांगा. तीन आठवडे लागतात, जून ते सप्टेंबरमध्ये चार, वाळत नाही म्हणून. पावसाळ्यात वही बंद पिशवीत ठेवू नका, हवा लागू द्या. बुरशी धरली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत ठेवा आणि मेणाचा हात द्या. भाव अठराशे. घासाघीस चालणार नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही.